खोली उभी राहिली, बाथरूम अजून उघडंच

कामाची आजची स्थिती अशी. वाढीव खोलीचा स्लॅब पडून अठरा दिवस झाले, खालचे टेकू निघाले. जुन्या भिंतीला लागून ठेवलेला सांधा अजून मोकळा आहे. शेजारच्या जुन्या बाथरूमची फरशी, टाइल्स, पाइप सगळं निघालं, नवे पाइप बसले, वॉटरप्रूफिंगचे दोन हात झाले आणि आत ५० मिमी पाणी भरून ठेवलंय. टाइल्सची खोकी व्हरांड्यात आहेत आणि निदान दोन दिवस तिथेच राहणार.

बघणाऱ्याला वाटतं काम थांबलंय. खरं तर टाइल्स लागल्यावर जे दिसणार नाही, ते सगळं याच टप्प्यात ठरतं. आणि यातल्या निम्म्याहून अधिक चुकांचं मूळ एकच असतं: माप विटेपासून घेतलेलं असतं, तयार भिंतीपासून नव्हे.

म्हणून पहिली गोष्ट मीटर लाइन. जुन्या घराच्या तयार फरशीपासून बरोबर १००० मिमी वर एक आडवी रेघ, सगळ्या भिंतींवर, नव्या खोलीत आणि बाथरूममध्येही. लेसर असेल तर दहा मिनिटांचं काम. नसेल तर पाण्याची पारदर्शक नळी आजही तितकीच खरी सांगते, फक्त तिच्यात हवेचा बुडबुडा राहता कामा नये आणि माप घेताना दोन्ही तोंडं उघडी हवीत. एका तोंडावर अंगठा राहिला की पाणी खोटं बोलतं. नळीचा अर्धा भाग उन्हात तापत असेल तरी थोडा फरक पडतो, म्हणून हे काम सकाळी उरकावं. रेघ पेन्सिलीची नको, रंगीत दोरीने मारलेली हवी आणि गिलाव्याखाली गेली की पुन्हा मारायची. पुढचं प्रत्येक माप या रेघेवरून: दाराचा माथा रेघेच्या वर ११००, बेसिनची कड रेघेखाली १५० ते २००, शॉवरचा दांडा वर १०५०, नहाणी ट्रॅपची (जमिनीतल्या सांडपाण्याच्या तोंडाची) जाळी खाली १०५०. गवंडी, प्लंबर, वायरमन, टाइल्सवाला या चौघांनी ‘फरशीपासून’ मापं घेतली तर चौघांच्या फरशा चार वेगळ्या निघतात.

आता विटेचं माप घ्या. वीटकामावर गिलावा १५ मिमी, ॲडेसिव्ह ५ मिमी, टाइल ९ मिमी, म्हणजे तयार भिंत विटेच्या २९ मिमी पुढे येते. एस-ट्रॅप, म्हणजे जमिनीत निघणाऱ्या, कमोडचं आउटलेट मागच्या तयार भिंतीपासून ३०० मिमी हवं असेल तर पाइपचं मध्य विटेपासून ३२९ वर पाहिजे. प्लंबरने उघड्या विटेपासून ३०० मोजलं तर टाइल्स लागल्यावर २७१ उरतात आणि टाकीची पाठ भिंतीला टेकून कमोड जागेवर बसतच नाही. मग तिरका कनेक्टर लावून वेळ मारून नेतात. त्याने पाइपची वाट अरुंद होते, नेमकी जिथे मोकळी हवी तिथेच. काँक्रीट अजून उघडं आहे तोवर पाइप हलवायला एक तास लागतो, नंतर बाथरूमच फोडावं लागतं. कमोडचं मॉडेल आधी ठरवा, त्याचा कागद हातात घ्या, मगच पाइप. काही मॉडेलांना २२५ लागतात, काहींना ३००. पी-ट्रॅपला भिंतीतल्या भोकाची तयार फरशीपासूनची उंची पाहावी लागते, ती बहुधा १८० ते १८५ मिमी असते.

भिंतीत पुरायच्या डायव्हर्टरचंही, म्हणजे पाणी नळाकडे किंवा शॉवरकडे वळवणाऱ्या व्हॉल्व्हचंही, तेच. त्याच्या प्लास्टिकच्या टोपीवर कमीत कमी आणि जास्तीत जास्त अशा दोन खुणा असतात, तयार टाइलचा पृष्ठभाग या दोन्हींच्या मध्ये यायला हवा. फार आत गेला तर वरची चकती आणि मूठ बसायला लांबी पुरत नाही, बाहेर राहिला तर चकती भिंतीपासून सुटी दिसते. गिलावा करण्याआधी टाइलचा एक तुकडा आणि २० मिमीची फळी एकत्र धरून पाहिली की हा प्रश्न तिथेच मिटतो. टोपी काढू नये. गिलाव्याचा चिखल आत गेला तर नवा कोरा डायव्हर्टर पहिल्याच दिवसापासून गळतो आणि दोष कंपनीला जातो. गरम पाण्याची बाजू डावी, थंड उजवी; उघड्या मिक्सरला दोन्ही पॉइंटमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत १५० मिमी.

झिऱ्या, म्हणजे पाइपसाठी भिंतीत खाचा, मारण्याबद्दल एक तक्रार नोंदवतोच. अर्ध्या विटेच्या, म्हणजे ११५ मिमीच्या भिंतीत आडवी झिरी मारून त्यात पाइप पुरणं सर्रास चालतं. उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापर्यंत चालते, इथे सुमारे ३८ मिमी. आडवी झिरी मात्र एक षष्ठांशापर्यंतच, म्हणजे जेमतेम १९ मिमी. २० मिमीचा पाइपदेखील त्यात झाकला जात नाही. आडवी लाइन फरशीखालून किंवा छताजवळून न्यावी आणि प्रत्येक नळाला उभी उतरवावी. पाइप थोडा जास्त लागतो, भिंत शाबूत राहते. झिरी आधी कटरने दोन रेघांत कापावी आणि मग मधला भाग छिन्नीने काढावा. नुसत्या हातोड्याने फोडलेल्या झिरीच्या पलीकडच्या बाजूचा गिलावा फुगतो.

सीपीव्हीसीचे (गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिक पाइपचे) सांधे चिकटवून २४ तास झाले की पाण्याच्या दाबाची चाचणी. प्रत्येक तोंडाला डमी प्लग, गीझर जोडलेला नाही, सर्वांत उंच तोंड उघडं. खालून हळू पाणी भरत हवा बाहेर काढायची, वरून सलग धार आली की ते तोंड बंद, मग हातपंपाने दाब. नेहमीच्या दाबाच्या दीडपट तरी हवा. घरगुती लाइनला ६ ते ७ बारवर ठेवून दोन तास काटा पाहतात. सुरुवातीला काटा जरा उतरतो, कारण पाइप ताणला जातो. पुन्हा भरायचा आणि मग वेळ धरायची. रात्रभर ठेवलेल्या लाइनचा दाब पहाटे थोडा कमी दिसला म्हणून घाबरू नये, पाणी आणि पाइप गार झालेले असतात. मात्र दुपारी तो परत चढला नाही तर सांधा शोधावाच लागतो. ही चाचणी हवेने कधीच करू नये: दाबलेली हवा स्प्रिंगसारखी असते, प्लास्टिकचा पाइप फुटला तर तुकडे उडतात.

चाचणी झाली म्हणून पंप सोडून नेऊ देऊ नका. गेज लावून लाइन दाबाखालीच ठेवा, गिलावा आणि टाइल्स होईपर्यंत. कुणी खिळा ठोकला किंवा ड्रिल पाइपात घातलं तर काटा त्याच क्षणी खाली येतो आणि चूक कुणाची ते विचारावं लागत नाही. भिंती बंद होण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढावा, शेजारी टेप लावून, मीटर लाइन दिसेल असा. टॉवेलचा दांडा लावताना हेच फोटो उपयोगी पडतात.

सांडपाण्याचे पाइप सोपे वाटतात. कमोडला ११० मिमीचा पाइप, उतार १:४० ते १:६० च्या दरम्यान. २.४ मीटर लांबीला १:५० धरला तर ४८ मिमी उतार. ‘जास्त उतार म्हणजे जास्त बरं’ हे खरं नाही, पाणी पुढे पळून जातं आणि मैला मागे राहतो. जिथे पाइप वळतो तिथे एक नव्वद अंशांचा एल्बो न लावता ४५ चे दोन, आणि बाहेरच्या वळणावर सफाईचं झाकण. नहाणी ट्रॅपमध्ये वास अडवणारा ५० मिमी पाण्याचा अडसर हवा. स्वस्त उथळ ट्रॅपमधलं पाणी आठवड्याभरात सुकतं आणि मग ‘नव्या बाथरूमला वास येतो’. कमोड फ्लश केल्यावर नहाणी गुडगुडत असेल तर हवेचा पाइप (व्हेंट) नाही किंवा तो तुंबलाय: वाहत्या पाण्यामागे पोकळी होते आणि ती ट्रॅपमधलं पाणी ओढून नेते. वरच्या टोकाला उघडा व्हेंट हाच त्यावर उपाय, दुर्गंधीनाशक गोळ्या नव्हेत.

आता ज्या पाण्यासाठी सगळं अडलंय ते.

वॉटरप्रूफिंग गळतं ते मधल्या सपाट भागात क्वचित. गळतं ते कोपऱ्यात, पाइपभोवती आणि उंबरठ्यात. कोपऱ्यात आधी सिमेंट-वाळूची गोलाई भरायची, निदान २५ मिमी त्रिज्येची. काटकोनात लेप ताणला जाऊन चिरतो. त्या गोलाईवर पहिल्या हातात फायबरची १०० ते १५० मिमी रुंद जाळीपट्टी दाबून बसवायची. पीव्हीसी पाइपच्या गुळगुळीत अंगाचा सिमेंटशी कधीच जम बसत नाही, म्हणून स्लॅबमधून जाणारा पाइप आधी पॉलिशपेपरने खरवडायचा, त्यावर सॉल्व्हंट (पाइप चिकटवायचा द्रव) लावून ओलं असतानाच जाड वाळू शिंपडायची आणि सुकल्यावर भोवतीची पोकळी न आकसणाऱ्या ग्राउटने भरायची. साध्या सिमेंटचा गोळा दाबून बसवला तर तो सुकताना आकसतो आणि पाइपभोवती केसाएवढी फट राहते. पाण्याला तेवढी पुरते.

लेप सिमेंट-पॉलिमरचा. पृष्ठभाग ओलसर हवा, पण पाणी साचलेला नको. पहिला हात एका दिशेने, चार ते सहा तासांनी दुसरा त्याला आडवा, म्हणजे ब्रशने सुटलेल्या जागा झाकल्या जातात. भिंतीवर सगळीकडे ३०० मिमी, शॉवरच्या बाजूला १८०० मिमीपर्यंत. उंबरठ्याखाली लेप वर वळवूनच संपवायचा आणि त्याच्यावर दगडाची पट्टी बसवायची. हे राहिलं तर पाणी टाइल्सखालून सरकत बाहेरच्या खोलीत जातं, दाराजवळची पुट्टी फुगते आणि लोक भिंतीला दोष देतात.

लेप किमान तीन दिवस, जमलं तर पाच ते सात दिवस सुकल्यावर पाणी भरायचं. नहाणीचं तोंड टेस्ट प्लगने बंद, सर्वांत उथळ ठिकाणी निदान २५ मिमी पाणी, ४८ तास. पाण्याची पातळी चारही भिंतींवर पेन्सिलीने खुणवायची. पातळी थोडी खाली जातेच, कारण पाणी उडून जातं. ते किती उडालं हे कळायला शेजारी तेवढंच पाणी घातलेलं एक उथळ घमेलं ठेवायचं. घमेल्यात ३ मिमी कमी झालं आणि बाथरूममध्येही ३, तर ठीक. बाथरूममध्ये १० असेल तर गळतंय. आणि इथे एक बारकावा आहे: पाणी उतरत उतरत एका उंचीवर थांबलं, तर भोक बहुधा त्याच उंचीवर आहे. भिंतीच्या गोलाईत असेल तर खूण स्पष्ट सांगते, तळात असेल तर पाणी उतरतच राहतं. खालच्या छतावर पाइपभोवती खडूने गोल काढून ठेवला की ओल कुठून पसरली तेही दिसतं.

ही चाचणी एकदा नाही, दोनदा करायची: लेपानंतर आणि खोलगट, म्हणजे बाथरूमपुरत्या खाली घेतलेल्या, स्लॅबमधला भराव व कोबा (वरचा सिमेंटचा थर) झाल्यावर. मध्ये मजूर फावडी आपटतात, कुणीतरी लेपावर वीट टाकतं, पहिल्या चाचणीने मिळवलेलं सगळं तिथे जातं. खोलगट स्लॅबमध्ये वीटतुकड्यांचा भराव घालण्याची सवय फार जुनी आहे, पण वीट पाणी धरून ठेवते आणि एकदा आत शिरलेलं पाणी वर्षभर झिरपत राहतं. हलक्या काँक्रीटचा भराव बरा. खोलगट भागाच्या अगदी तळाशी ३२ मिमीचा छोटा पाइप बाहेर काढून ठेवला तर आत साठलेल्या पाण्याला वाट मिळते, आणि तो टपकू लागला की वर काहीतरी सुटलंय हे वेळेत कळतं.

उतार कोब्यातच द्यायचा. ॲडेसिव्ह जाड-पातळ करून उतार देणारा टाइल्सवाला असेल तर त्याला थांबवा, ॲडेसिव्ह त्यासाठी नसतं आणि जाड थर सुकताना टाइल खाली ओढतो. १:८० चा उतार धरला तर २.४ मीटरला ३० मिमी. बाथरूमची फरशी दाराशी बाहेरच्या खोलीपेक्षा २० मिमी खाली हवी, म्हणजे दाराच्या समोरच्या टोकाला नहाणी ठेवली तर तिची जाळी बाहेरच्या फरशीपासून ५० मिमी खाली जाते. मीटर लाइनखाली १०५० आले ते इथून.

टाइल्सचा हिशोब असा. बाथरूम २.४ × १.५ मीटर, टाइल्स २.४ मीटर उंच. परिमिती ७.८ मीटर, गुणिले २.४ म्हणजे १८.७२ चौरस मीटर. दार ०.७५ × २.१ आणि खिडकी ०.६ × ०.६ वजा जाता १६.८ उरतात. तुटफूट दहा टक्के धरून १८.५. ६०० × ३०० ची एक टाइल ०.१८ चौ. मी., म्हणजे १०३ नग. जमीन ३.६ चौ. मी.; उताराच्या कापांमुळे पंधरा टक्के वाढवून ३०० × ३०० च्या ४६. जमिनीला मोठ्या टाइल्स घेण्याचा मोह टाळावा, चारही बाजूंनी नहाणीकडे उतरणारी जमीन मोठ्या टाइलने झाकता येत नाही, कोपरे वर राहतात आणि बोटाला लागतात. पृष्ठभाग खडबडीत हवा, घसरण्याच्या दर्जात आर१० किंवा आर११. सगळी खोकी एकाच बॅचची आणि एकाच शेडची असल्याची खात्री खोकी उघडण्याआधी करायची. चार-पाच टाइल्स जपून ठेवायच्या, पुढे दुरुस्तीला तीच शेड मिळत नाही.

ॲडेसिव्ह ५ मिमी थराला चौरस मीटरमागे साधारण ७.५ किलो लागतं. भिंत आणि जमीन मिळून २०.४ चौरस मीटरला १५३ किलो, म्हणजे २० किलोच्या आठ पिशव्या. विट्रिफाइड टाइल पाणी शोषतच नाही म्हणावं इतकं कमी शोषते, अर्ध्या टक्क्याच्या आत. म्हणून सिमेंटचा घोळ तिला धरत नाही आणि ती भिजवण्यातही काही अर्थ नाही. तिला पॉलिमरवालं ॲडेसिव्हच हवं. दातेरी थापीने एकाच दिशेने सरळ रेघा ओढायच्या, गोल गोल नव्हे, गोल रेघांत हवा कोंडते. टाइलच्या पाठीलाही पातळ हात द्यायचा. पहिली टाइल लावून लगेच उचलून पाहा: पाठ किमान ९५ टक्के भरलेली दिसली पाहिजे. पाच ठिपके ठेवून चिकटवलेली टाइल वाजवली की भांडं वाजतं तशी वाजते आणि ओल्या जागी त्या पोकळीत पाणी साठतं.

मापाचा एक गंमतशीर घोळ. गिलाव्यापासून गिलाव्यापर्यंत २४०० मिमीची भिंत, टाइल ६०० ची, म्हणजे चार टाइल्स बरोब्बर बसणार असं कागदावर दिसतं. पण बाजूच्या दोन्ही भिंतींच्या टाइल्स आधी लागल्या तर प्रत्येकी १४ मिमी खाल्ले, उरले २३७२. चार टाइल्स आणि २ मिमीच्या तीन फटी मिळून हवेत २४०६. हा ३४ मिमीचा फरक एका टोकाला काढला तर एक टाइल ५६६ ची दिसते, दोन्ही टोकांना १७-१७ वाटला तर कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून रांग भिंतीच्या मध्यापासून दोन्हीकडे न्यावी. खालची पहिली रांग शेवटी लावतात: दुसऱ्या रांगेखाली लेव्हलमध्ये फळी ठोकायची, तिथून वर चढायचं, मग जमीन, मग सर्वांत खालची रांग जमिनीवर टेकवून.

ग्राउट २४ तासांनंतर, शॉवरच्या भागात एपॉक्सीचं. ते लवकर घट्ट होतं, दोन चौरस मीटरपुरतंच कालवावं आणि डाग लगेच पुसावेत. दुसऱ्या दिवशी ते खरवडण्याखेरीज मार्ग नसतो. भिंत-भिंत आणि भिंत-जमीन यांच्या कोपऱ्यात ग्राउट भरायचंच नाही, तिथे सिलिकॉन, कारण दोन पृष्ठभाग वेगवेगळे हलतात.

वायरिंगचं थोडक्यात. २ किलोवॅटचा गीझर २३० व्होल्टला ८.७ अँपिअर ओढतो, त्याला वेगळी लाइन, १६ अँपिअरचा पॉइंट आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच लाइन तोडणारा स्विच). स्विच शॉवरखालच्या माणसाच्या हातापासून दूर, शक्यतो दाराबाहेर. एक्झॉस्टला तासाला दहा वेळा हवा बदलण्याचा हिशोब धरला तर ८.६४ घनमीटरच्या खोलीला तासाला ८६ घनमीटर ओढणारा पंखा पुरतो. पण दाराखाली २० मिमी फट नसेल तर तो नुसता फिरतो, ओढायला हवाच येत नाही.

राहिला तो मोकळा सांधा. जुनं घर कधीच जमिनीत बसून स्थिर झालंय, नवी खोली अजून बसायची आहे. दोन्ही भिंती विटांचे दाते काढून जुंपल्या तर पहिल्याच वर्षी जोडावर उभी चीर पडते. म्हणून इथे २५ मिमी फट ठेवली, मध्ये थर्मोकोलची शीट. नव्या पायाचा तळ जुन्या पायाच्या तळाच्या पातळीत ठेवला आणि जुन्या भिंतीला लागून खोदकाम एक-एक मीटरच्या तुकड्यांत केलं, सलग चर खोदला की जुन्या पायाखालची माती बाजूला सरकते. फटीतून जाणारे पाइप भिंतीतून मोठ्या स्लीव्हमधून जातात आणि पलीकडे रबर रिंगचा सांधा आहे, म्हणजे एक बाजू खचली तरी पाइप तुटत नाही. गच्चीवर फटीच्या दोन्ही बाजूंना १५० मिमीचे कठडे आणि त्यांवर पत्र्याची टोपी, जी एकाच बाजूला खिळलेली आहे. दोन्ही बाजूंना खिळली तर तिचा काही उपयोग नाही. दारातल्या पट्टीदगडाचंही तसंच, चिकटवलाय एकाच बाजूला.

फट बंद करायची घाई नाही. खोलीवर गिलाव्याचं, कोब्याचं, टाइल्सचं वजन चढू द्यायचं, मग बाहेरचा थर्मोकोल दोर आणि सीलंट मावेल इतका खोल खरवडून ३० मिमीचा फोमचा दोर आत दाबायचा आणि त्याच्यावर १२ मिमी पॉलियुरेथेन सीलंट. दोर यासाठी की सीलंटने फक्त दोन बाजूंना चिकटावं. तळालाही चिकटलं तर ताणताना फाटतं. २५ गुणिले १२, म्हणजे मीटरला ३०० मिलिलिटर. तीन मीटरच्या उभ्या फटीला ६०० मिलिलिटरच्या दीड नळ्या. भर उन्हात भरू नये. तेव्हा भिंती फुगलेल्या आणि फट सर्वांत अरुंद असते, रात्री ती रुंदावली की ताजं सीलंट ओढलं जातं. ढगाळ दिवस बघायचा, कडा ब्रशने झाडायच्या, प्रायमर मारायचा, दोन्ही बाजूंना टेप लावायची आणि सीलंटवर साल धरण्याआधी टेप ओढून काढायची.